रापाताने निवडलेली तीनचाकी

माझा मेहुणा रापाता कोपुआ डोंगरावर जन्मला आणि डोंगरावरच मरणार, असं तो कुणी विचारलं नसतानाही सांगायचा. भर मरण्यावर जास्त असायचा. माझी बहीण माकेरे त्यावर म्हणायची, "मर बाबा, पण जेवून मर. ताट वाढलंय."

आमच्या कुळाच्या सामाईक जमिनीवर तो मेंढपाळ होता. घर नोकरीचं. नोकरी असेपर्यंत छप्पर, नोकरी संपली की दुसरा मेंढपाळ आपली भांडी घेऊन दारात हजर. मराएवर, म्हणजे कुळाच्या सभाघराच्या आवारात, कुणाचं मयत असलं, की शेकडो माणसांच्या जेवणासाठी रानडुक्कर आणायचं कामही त्याचंच. नोकरीत ते धरलेलं नव्हतं, पण रापाताला त्याचाच तोरा जास्त. सगळं तो घोडीवरून करायचा. लोकर कातरणाऱ्या टोळीबरोबर स्वयंपाकीण म्हणून मी गावोगाव हिंडले, पण घोड्यावर इतका शोभणारा आणि पायी इतका गबाळा दिसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मोठ्या वादळाने डोंगर सोलून काढले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्याची घोडी डचेस लंगडी झाली. त्याचा स्वतःचा गुडघाही कधीपासून कुरकुरत होताच. जमिनीच्या कमिटीचा अध्यक्ष पेने चहाला आला. तसा पोरगेला, पण बोलायला नम्र. तीन बिस्किटं खाऊन झाल्यावर, आजोबांना हाक मारावी तसं 'कोरो' म्हणत, त्याने तोंड उघडलं.

"कोरो, नवा घोडा काही मिळायचा नाही. आता सगळीकडे मशीनच आहे. लोक चारचाकीकडे वळलेत, त्यामुळे जुन्या तीनचाकी, फुगीर टायरांच्या त्या डोंगरी फटफटी, स्वस्तात सुटताहेत. तुम्हाला आवडेल ती निवडा, कमिटी घेईल. मेंढ्या विण्याच्या दिवसांत रोजची फेरी तिच्यावरून जमली, तर सगळं आहे तसंच राहील."

"आणि नाही जमली तर?" माकेरेने विचारलं.

पेनेने बिस्किटाच्या डब्याचं झाकण लावलं.

तो गेल्यावर माकेरे म्हणाली, "सोडू या हे घर. गिझबर्न शहरात थोरल्या लेकीच्या घरामागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. तुझा गुडघा, तुझं वय, आणि आता ती फटफटी. माझा जीव टांगणीला लागेल रे."

"गिझबर्नला जाऊन काय करू? शेजाऱ्याच्या दोरीवरच्या चड्ड्या मोजत बसू?"

ती खरंच हातापाया पडली. मी तिथेच होते. तो उठून कुत्र्यांना खायला घालायला निघून गेला. मला त्याचा भयंकर राग आला. आणि तरी शनिवारी त्याला गाडी बघायला नेणारी मीच, कारण माझ्याकडे ट्रक होता आणि आमच्या टोळीच्या मेकॅनिककडून जुनी मशीन कशी बघायची ते मी शिकून घेतलं होतं.

पहिली तीनचाकी खाडीपलीकडच्या एका सापळे लावणाऱ्या शिकाऱ्याकडे होती. मागे स्प्रिंगा नाहीत, सुरू करायला दोरी ओढायची, उलटा गिअर नाही. मी तेलाची काठी काढून बघितली. तेल दुधाळ. म्हणजे हिला कुठल्यातरी नदीत आंघोळ घडलेली होती. मागचं चाक धरून हलवलं तर दात पडायला आलेल्या म्हाताऱ्यासारखं खुळखुळलं. रापाताने मात्र मागच्या कॅरिअरवर स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाला, "डुक्कर आरामात बसेल."

"डुक्कर बसेल. घरी पोचेल का, ते विचार."

दुसरी खाली सपाटीवर लस्क नावाच्या गोऱ्या दूधवाल्याकडे होती. बटणाने सुरू होणारी, उलट्या गिअरची, मागे स्प्रिंगा, कॅरिअर रुंद आणि सरळ. तेल स्वच्छ. धूर नाही. रापाता तिच्याभोवती गोल फिरला, घोड्याच्या पायावरून फिरवावा तसा पुढच्या दांड्यावरून वरून खाली हात फिरवला, इंजिनाला कान लावला. लस्कच्या बायकोने खिडकीतून बघून हसू दाबलं.

मी हँडलची टोकं पाहिली. दोन्हीकडचं रबर खरवडलेलं होतं.

"ही उलटलीय," मी म्हणाले.

लस्क सरळ माणूस निघाला. "दोनदा. माझ्या पोराने उलटवली. म्हणूनच तर काढतोय. ऐका, हिची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर एकत्र फिरतात. वळताना अंग आत टाकावं लागतं, उतारावर डोंगराकडे, आणि काही झालं तरी पाय खाली टेकायचा नाही. पाय टेकलात की मागचं चाक तुमच्याच पायावर चढतं. घोडेवाले इथेच चुकतात."

झालं. रापाताला मिरची झोंबली. "मी घोड्यावरून किती वेळा पडलोय ठाऊक आहे? पडलेल्या घोडीला पडणं माहीत असतं. तीच चांगली."

"ही घोडी नाही," लस्क म्हणाला.

माकेरे एवढा वेळ ट्रकमध्येच बसून होती. ती उतरली आणि म्हणाली, "मला बसू दे एकदा. ज्याच्यामुळे मी विधवा होणार, ते बघू तरी." तिने अंगणात चक्कर मारली. वळणावर अंग आत टाकलं, पाय जागचे हलले नाहीत, तोंड मात्र आंबट. लस्कने मान हलवली. "बाईंना जमतंय." रापाता पोट धरून हसला. माकेरे हसली नाही.

तीच गाडी घेतली. घरी आणल्यावर माकेरेने तिच्यावर पाणी शिंपडून प्रार्थना म्हटली. कुत्री एकदा तिच्यावर बसली, ती उतरायलाच तयार होईनात.

खरं सांगायचं तर रापाता पटकन शिकला. जरा जास्तच पटकन. सपाटीवर तो तिला इतक्या झोकात पळवायचा, की पेनेने स्वतः येऊन पाठ थोपटली. पण तो तिच्याशी बोलायचा. "हळू गं पोरी. बघ, दगड आहे." मी म्हटलं, "तिला कान नाहीत." तो म्हणाला, "तुलाही नाहीत, तरी मी बोलतो ना?"

मेंढ्या व्यायला पंधरवडा उरला होता. खालच्या गावात एक म्हातारा वारला आणि रापाता डुकरासाठी वर गेला. मी त्या दिवशी माकेरेकडे होते. दुपारी आम्ही बटाटे सोलत होतो. डोंगरावरून इंजिनाचा आवाज खाली येत होता. मग तो एकदम चढला, किंचाळल्यासारखा, आणि थांबला.

माकेरेने सुरी खाली ठेवली. "हा थांबायचा आवाज नाही," ती म्हणाली.

आम्ही धावत, धापा टाकत वर गेलो. घळीच्या तोंडाशी तो पडला होता, शेजारी तीनचाकी कलंडलेली, डुक्कर अजून कॅरिअरला बांधलेलंच. त्याचा डावा पाय भलत्याच दिशेला वळला होता. शुद्धीवर होता. पहिलं वाक्य काय बोलावं त्याने? "डुक्कर मराएवर पोचव."

काय झालं ते पुढे इस्पितळात त्याने मला सांगितलं, माकेरे चहा आणायला गेल्यावर. मागे ओझं, पुढे तीव्र उतार, ओली माती. अशा जागी डचेसला तो लगाम सैल सोडायचा. कुठे पाय टाकायचा ते घोडीला माणसापेक्षा जास्त कळतं. तिला तिची वाट शोधू द्यायची. आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. त्याने हँडल सैल सोडलं, ब्रेकवरची बोटं सैल सोडली आणि म्हणाला, "जा पोरी, तुझी तू बघ." ती सरळ घळीकडे निघाली. मग त्याने पाय खाली टेकला.

"मी तिच्यावर विश्वास ठेवला," तो म्हणाला. मला हसू येईना आणि रडूही येईना. मी त्याची उशी ठोकून नीट केली.

त्या दिवशी हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेल्यावर आम्ही दोघींनी ती गाडी उभी केली. मी म्हणाले, ढकल घळीत, मरू दे. माकेरेने बटण दाबलं. ती सुरू झाली. माकेरे ती डुकरासकट खाली घेऊन आली, सबंध उतारभर अंग डोंगराकडे टाकून, पाय जागच्या जागी. मी मागून चालत गाडीला शिव्या घालत होते.

रापाता कुबड्या घेऊन घरी आला. पाय राहिला, पण वाकेना. पेने आला, बिस्किटाला त्याने हात लावला नाही. टोपी हातात फिरवत म्हणाला, "कोरो, कमिटीला वाटतं..."

"नोकरीवर माझं नाव घाल," माकेरे म्हणाली.

"आंटी, ही फेरी म्हणजे..."

"मेंढ्या कुठे वितात, कुठे अडतात, मला ठाऊक आहे. इतकी वर्षं कोकरं चुलीपाशी कुणी जगवली? कमिटीने? गाडी मला येते. नाव घाल."

रापाता भिंतीकडे बघत होता. त्याला लाज वाटली, हे मला दिसलं. त्याहून वाईट म्हणजे, त्याला बरंही वाटलं. घर राहिलं होतं.

विण्याचे दिवस सुरू झाले. पहाटे दहिवराने गवत पांढरं असायचं, माकेरे कुत्र्याला मागे बसवून निघायची. पहिल्या सकाळी रापाता पायरीवर बसला, कुबड्या मांडीवर आडव्या. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. इंजिनाचा आवाज वर गेला, मग थांबला. त्याने माझा हात धरला.

"थांबलं."

"मेंढी उठवत असेल. उताणी पडली असेल एखादी."

"हो. असेल."

आवाज पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. सकाळभर हेच. प्रत्येक थांबण्याला तो उठायला जायचा आणि खाली बसायचा. घळीच्या बाजूला आवाज थांबला तेव्हा मात्र बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तो मोठ्याने प्रार्थना म्हणू लागला, आणि त्याला ती नीट आठवेना.

ती आली तेव्हा कोपरापर्यंत रक्ताने माखलेली होती, मेंढीच्या. कोटातून एक ओलं कोकरू डोकं काढून ओरडत होतं.

"सोडू या हे घर," रापाता म्हणाला. "गिझबर्नला जाऊ. आजच सांग पेनेला."

माकेरे त्याच्याकडे वळली. "मी पाय धरले होते तुझे."

"तेव्हा मला हे माहीत नव्हतं."

"काय?"

"इथे बसणं."

तिने कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं आणि खांद्यावरचा पंचा त्याच्याकडे टाकला. "हे पुसून कोरडं कर. उद्या मला वरच्या कुंपणापर्यंत जायचंय, तिकडच्या सगळ्या व्यायला आल्यात."

तो कोकरू पुसत राहिला. ते कोरडं झालं तरी त्याचा हात थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे इंजिन सुरू झालं, तेव्हा तो आधीच पायरीवर येऊन बसला होता.