पडद्यावरचं निळं पाणी

हे मी घरीही कधी बोललो नाही. जमिनीखालच्या खडकातून तेल कसं सरकेल, याचं गणित मी कॉम्प्युटरवर मांडतो. सांगलीहून कडेगावला जाणाऱ्या एसटीत लॅपटॉप मांडीवर उघडा होता. शेजारी एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि पडद्यावरच्या निळ्या पट्ट्यावर अलगद टेकवलं.

“ह्ये पाणी हाय व्हय?”

“हो, जमिनीखालचं.” ते पाणी तेलात घुसतं, आम्हाला ते नकोच असतं, हे सांगितलं नाही.

“लय हाय की! आवं सायेब, आमच्या रानात बोअर कुठं घेऊ? वड्याकडं का बाभळीपाशी?”

त्यांचं रान मी पाहिलंही नव्हतं. पण एवढ्या विश्वासानं कुणी विचारलं की माणूस सुखावतो. “बाभळीपाशी घ्या,” म्हणालो.

“मग मेंढरं इकतो. म्हातारी म्हणती, येडं लागलंय तुमास्नी. पर तुमी आतलं बघितलंय म्हंजे झालं.”

तेव्हाही बोलता आलं असतं. मी लॅपटॉप मिटला. त्यांचा फाटा आला, घोंगडं खांद्यावर टाकून ते हसत उतरले.

बाभळीपाशी पाणी लागलं का, मला कळलेलं नाही. ‘मला माहीत नाही’ एवढं खरं उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.