आम्ही घासाघीस सोडली

अमरावतीच्या आमच्या गल्लीत रोज सकाळी एक भाजीवाली यायची. जवळच्या खेड्यातून पहिल्या एसटीने उतरली की टोपलं आधी आमच्याच ओट्यावर टेकवायची. माझ्या बायकोशी भाव करायला तिला आवडायचं. मी आत वर्तमानपत्र धरून बसलेला असे, पण कान बाहेरच.

"अवं, वांगे हायेत का सोनं?" बायको सुरुवात करी.

"सोनं नाही, पर तुया दातापेक्षा पक्के हायेत."

"काल तं अर्ध्या भावात देल्ले व्हते."

"काल मी येडी व्हती. आज शायनी झाली."

मग चहा व्हायचा. बायको नांदगाव खंडेश्वरची, त्यामुळे पाऊसपाणी, लेकी, जावई सगळं निघायचं. भाव मध्येच कुठेतरी येऊन थांबायचा आणि उठता उठता भाजीवाली मूठभर सांभार पिशवीत टाकायची. सांभार म्हणजे कोथिंबीर. ती आम्ही कधी विकत घेतल्याचं मला आठवत नाही.

कापसाला भाव नव्हता आणि गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या, ती ही वर्षं. आम्ही काही घरांनी मिळून एक लहानसं मंडळ काढलं. नांदगावची तूरडाळ, शेंदूरजनाघाटची संत्री थेट आणायची आणि पिकवणारा सांगेल त्या भावात रविवारी शाळेच्या व्हरांड्यात विकायची. पत्रकं मी लिहायचो. दारोदार बायको फिरायची. तिच्या माहेरी शेती होती, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन होतं. एका बैठकीत तिनेच विचारलं, दुकानात छापलेली किंमत आपण मुकाट्याने देतो, मग डोक्यावर ओझं आणणाऱ्या बाईशीच घासाघीस का? सगळ्यांना पटलं. यापुढे घासाघीस करायची नाही असं ठरलं. त्यात काय चुकलं हे आजही मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भाजीवालीने भाव सांगितला आणि बायकोने तेवढे पैसे पुढे केले.

भाजीवाली बघतच राहिली. "काय झालं वं? तब्येत बरी नाही का?"

"बरी हाय. तू म्हणशील तो भाव."

"माया राग आला का?"

"राग नाही वं. तुयी मेहनत हाय ते."

"अवं, पर मी तं तू कमी करशील म्हून जास्तीचा सांगतला! असे कसे घेऊ?"

बायकोने पैसे तिच्या हातात कोंबले आणि समाधानाने आत आली. त्या दिवशी चहा राहून गेला. पुढे भाजीवाली आमच्यासाठी भाव आधीच उतरवून सांगू लागली, तर बायको वर पैसे ठेवू लागली. एकदा भाजीवाली ते ओट्यावरच सोडून उठली. "मी का मागाले आली व्हती?" एवढंच म्हणाली.

मग ती दोन घरं पलीकडे बसू लागली. त्या घराने मंडळाचं काही ऐकलं नव्हतं. सकाळी तिथून दोन बायकांचं भांडण आणि हसणं आमच्या खिडकीत ऐकू येई. बायको कणीक मळता मळता थांबायची.

न राहवून ती एकदा गेली तिकडे. मेथीची जुडी उचलून म्हणाली, "कमी कर ना वं."

"घ्या ना मॅडम. तुमच्या मनानं द्या."

बायको मेथी घेऊन घरी आली आणि निवडायला बसली.

पुढे बायको आजारी पडली. लेकीकडे अकोल्याला नेलं. पडल्या पडल्या एकदा मला म्हणाली, "येते का हो ती अजून गल्लीत?" येते, म्हणालो. मग म्हणाली, "बैठकीला आपण सगळे होतो. तिलाच तेवढं विचारलं नाही कोणी." अकोल्यालाच ती गेली.

मी परतलो, तोवर भाजीवालीने गल्ली सोडून बाजारात जागा धरली होती. तिथे तिनेच मला ओळखलं.

"मॅडम नाही दिसल्या बाप्पा, कितीक दिवस झाले."

मी सांगितलं. तिने तराजू खाली ठेवला.

"मले काहून नाही सांगतलं?"

"आम्ही अकोल्याला होतो," मी म्हणालो.

"मंग? अकोल्याले का मोटर जात नाही?" तिचा आवाज चढला. शेजारचा कांदेवाला वळून पाहू लागला. "भाजी इकाले नसती आली मी. बसली असती तिच्यापाशी घडीभर. भांडली असती."

दुखण्याचा निरोप मंडळातल्या घराघरात गेला होता, आणि त्यातली बरीच माणसं अकोल्याला येऊनही गेली होती. हिला कळवावं, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.