धुराच्या बाजूची जागा

कोरियातल्या आमच्या जेजू बेटावर समुद्रतळाचे शिंपले काढणाऱ्या पाणबुड्या बायका डोकं दुखायची वाट बघत नाहीत. गोळी आधीच घेतात. श्वास कोंडून तासन्‌तास बुड्या मारायच्या म्हणजे डोकं फुटणारच! म्हणून किनाऱ्यावरच्या दगडी आडोशात, शेकोटीभोवती बसून रबरी सूट चढवताना गोळ्यांचं पाकीट हातोहात फिरतं. दुखणं आणि सूज मारणारी साधी गोळी. तिला इथं कुणी औषध म्हणतच नाही, आणि ह्याच गोष्टीनं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

यांग इन्सेंग ही माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. सत्तरी उलटली तरी खोल पाण्यात तिच्या तोडीची दुसरी बाई नव्हती. शेकोटीपाशी आमच्या जागा ठरलेल्या असतात. वारा पाठीशी घेऊन बसतात त्या खोल पाण्यातल्या, आणि समोर धूर खात बसतात त्या उथळ पाण्यातल्या, शिकाऊ. वहिनीची जागा सगळ्यांत वरची.

"तुझा भाऊ आईबापांनी गळ्यात बांधला," ती मला म्हणायची, "ही जागा मात्र माझी मी कमावली."

मग तिला बीपी निघालं. गावच्या डॉक्टरनं गोळी दिली. बीपी उतरेना, त्यानं गोळी वाढवली. तरी उतरेना, तेव्हा वर लघवी होण्याची गोळी दिली. दर खेपेला तो विचारायचा, "आजी, आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"छे हो, एकही नाही!"

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ते खरंच होतं. डॉक्टर म्हणाला, मीठ कमी करा. ह्या बाईनं किमची, आमचं कोबीचं खारवलेलं लोणचं, सोडली! जन्मभर जिच्यावाचून घास उतरला नाही ती किमची सोडली, आणि दुखण्याची गोळी सकाळी डोक्यासाठी, संध्याकाळी गुडघ्यांसाठी, चालूच. वर रबरी सुटात लघवीला जायची पंचाईत, म्हणून समुद्राच्या दिवशी पाण्याचा घोटही नाही.

"वहिनी, पाय बघ किती सुजलेत."

"तुझी जीभ सुजलीय, आधी तिचं बघ."

शेवटी उलट्या सुरू झाल्या, लघवी जवळजवळ बंद झाली, तेव्हा शहरातल्या इस्पितळात नेली. तिथली किडनीची डॉक्टरीण औषधांचं विचारून थांबली नाही. म्हणाली, "समुद्रात उतरण्याआधी काय काय करता, सगळं सांगा."

"काय करणार? सूट घालते, वजनाला शिशाचा पट्टा बांधते, गोळी घेते."

"कसली गोळी?"

"ती होय? ती सगळ्याच घेतात."

डॉक्टरणीनं कपाळाला हात लावला. मग समजावलं. त्या गोळीनं अंगात मीठपाणी साठतं, बीपी चढतं, बीपीच्या औषधाचा जोर मोडतो. किडनीला जाणारं रक्तही आटतं. त्यात बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि तहानलेलं शरीर! बीपी उतरत नव्हतं ते असं, आणि किडन्या बसत चालल्या होत्या त्याही अशाच.

मी तिथंच कडाडले. "त्या गावच्या शहाण्याला हे एकदाही विचारता आलं नाही? समुद्रकाठी दवाखाना थाटलाय ना मेल्यानं? आणि तू गं वहिनी! तोंडात टाकतेस ते औषध नाही, तर काय खारे दाणे?"

"ओरडू नकोस," वहिनी म्हणाली. मग डॉक्टरणीला, "किडनी सुधारेल?"

"थोडी. पण ही गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही."

"मग डोकं?"

"डोकं दुखेल इतकं खोल जायचं नाही."

परत येताना बसमध्ये वहिनी माझ्या कानाशी लागली, "एक गोळी घेऊन एकदा खोल गेले तर काय होतंय?"

"जा की! तुझ्या श्राद्धाचं ताट मी मांडणार नाही, सांगून ठेवते."

ती जाणार, अशीच माझी खात्री होती. डॉक्टरणीनं उथळ पाण्याची परवानगी दिल्यावरच्या पहिल्या दिवशी तिच्यावर डोळा ठेवायला मी आधीच आडोशात येऊन बसले. वहिनी आली. आपल्या जागेपाशी क्षणभर थांबली. मग शेकोटीला वळसा घालून समोर गेली आणि शिकाऊ पोरींशेजारी धुरात बसली. सगळ्या बायका आपापल्या सुटांकडे बघायला लागल्या.

आणि तिच्या रिकाम्या जागेवर कुणीतरी काय ठेवावं? गोळ्यांची पाकिटं! हाताशी असावीत म्हणून! माझा तोल गेला. सगळीच्या सगळी उचलून विस्तवात फेकली.

"अगं ए, डोकी काय तुझा बाप धरणार आहे आमची?" बायका खेकसल्या.

"मरा! तिची ही गत डोळ्यांनी बघताय, तरी गिळा आणि मरा!"

पाकिटं जळायला लागली. काळा, घाणेरडा धूर उठला आणि सरळ पलीकडे वळला. वहिनीला ठसका लागला. डोळे पुसत ती म्हणाली, "जाळलीस ते बरं केलंस, भवाने. पण आता धूर कुणाकडे येतो, तेवढं तरी बघायचंस."