ठमीबाय शुद्ध बोलते तेव्हा

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात ठमीबायने कुणाला "मेल्या, तुझं तोंड जळो" म्हटलं, तर ऐकणारा खूश होऊन घरी जातो. म्हातारीची मर्जी आहे, असा त्याचा अर्थ. जावयाला ती "मुडद्या" म्हणते आणि जावई आणखी भात वाढून घेतो. पण ती खरोखर संतापली की शुद्ध बोलू लागते. शेजारच्या धर्माने एकदा तिचं जाळं न विचारता नेलं, तेव्हा "आपण असं करायला नको होतं" एवढंच म्हणाली. धर्मा आठवडाभर मागच्या दाराने ये-जा करत होता.

परवा ती बंदरावरून जवळ्याच्या दोन पाट्या घेऊन आली. या बारीक कोळंबीला त्याच दिवशी ऊन मिळालं नाही तर सगळा माल फुकट. आणि तिच्या खळ्यावर, शेणाने सारवलेल्या ज्या जागेत ती कुणाला चप्पल घालू देत नाही, तिथे मधोमध पांढरी गाडी उभी. मुलुंडचा पियूष बायको-मुलीला घेऊन समुद्रावर निघाला होता.

ठमीबायच्या कपाळाची शीर तटतटली.

"साहेब, आपण कृपया गाडी बाजूला घ्याल का?"

पियूषला भरून आलं. केवढी सुसंस्कृत बाई! "आलोच मावशी, पाच मिनिटांत," म्हणत तो पाण्याकडे पळाला. ओट्यावर जाळं शिवणाऱ्या धर्माने 'कृपया' ऐकलं आणि जाळ्यासकट घरात जाऊन कडी लावली.

ऊन डोक्यावर आलं तरी पियूष डुंबतच होता. ठमीबायने जुनी लुगडी आणली, टपावर, बॉनेटवर, काचांवर अंथरली आणि दोन्ही पाट्या वर ओतल्या. पत्रा तव्यासारखा तापलेला. जवळा खळ्यावर कधी सुकला नसेल असा सुकू लागला. याने तिचा राग उतरला नाही. असल्या माणसाकडून एवढी चांगली सोय व्हावी, याचा उलट जास्तच संताप आला.

पियूष परतला. मुलीने नाक दाबलं.

"मावशी, आम्हाला निघायचंय."

"आपण बसावं. वाळल्यावर जावं."

खिडकीच्या फटीतून धर्मा कुजबुजला, "दादा, ती शिव्या देत न्हाय तवर गुमान ऱ्हावा."

उन्हं कलेपर्यंत पियूष बोटांनी जवळा वरखाली करत होता आणि त्याची बायको टॉवेलने कावळे हाकत होती. ओट्यावर बसलेली ठमीबाय, मागच्या काचेवरचा अजून जरा ओला आहे, हे अत्यंत नम्रपणे त्यांच्या नजरेस आणून देत होती.