बियांकाचं सुतक

भिगवण पाच मिनिटांवर आलं असंल, तवर मागच्या सीटवर साहेबाचा फोन वाजला. साहेब दोन शब्द बोलला, मग नुसतं ऐकत बसला, आन एकदम हुंदकाच फुटला त्याला. मी गाडी साईडला घेतली. सहा फुटी इटलीचा माणूस, दोन्ही हातांनी तोंड झाकून लेकरासारखा रडतोय.

"सर, व्हॉट?" मी इचारलं. माझं इंग्लिश तेवढंच.

"बियांका," साहेब म्हणला. "बियांका डेड, सोपान. फिनिश."

मी डोक्यावरची टोपी काढली.

आता बियांका कोण, ते सांगतो. म्हंजे त्या टायमाला मला जेवढं कळलं होतं तेवढं.

मी बारामतीत आबांच्या ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो. शाळेशी माझा संबंध एवढाच, की एकदा शाळेच्या भिंतीला टेकून टायर बदललाय. आमच्या धंद्यात ड्युटी दोन जातीची असती. एक पिकअप-ड्रॉप, नेला आन सोडला. दुसरी डिस्पोजल. म्हंजे गाडी आन ड्रायव्हर दिवसभर गेस्टच्या ताब्यात. तो हलंल तिकडं आपण हलायचं. मला महिनाभराची डिस्पोजल लागली होती. साहेबाला बारामतीच्या हॉटेलातनं उचलायचं, भिगवणवरनं लोणी देवकरच्या एमआयडीसीत कंपनीत सोडायचं, सांजच्याला परत. साहेब इटलीवरनं पाकिटं भरायची मशीन घेऊन आलेला. मशीन नुसती बसवून भागत न्हाय. ती चालवून दाखवायची, मगच कंपनी सही करती. त्याला कमिशनिंग म्हणत्यात. शनवारी पहिला माल निघायचा होता.

साहेबाचं नाव पाओलो. पहिल्या दिवशी त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "पाओलो." मी म्हणलं बरं, आन समोरच्या बेकरीतनं अर्धा डझन पाव घेऊन आलो. बिचाऱ्यानं त्यातले दोन खाल्ले. तवाच मला कळायला पायजे होतं, की आमचं बोलणं हितनं पुढं असंच चालणार.

रोज गाडीत त्याचा फोन, आन रोज फोनात बियांका. एकदा धीर करून इचारलं, "हू बियांका, सर? मॅडम?"

"नो, नो!" साहेब हसला. "माय लव्ह. माय फादर्स लव्ह आल्सो."

मी डोकं चालवलं. बापाचं आन लेकाचं, दोघांचं एकच प्रेम. म्हंजे कोण? आईच की!

म्हातारी लई आजारी होती. साहेब बोटांवर मोजून सांगायचा. आधी बियांका 'ए' मधी होती, तवा सगळी इटली तिला टरकून असायची. मग 'बी'त गेली. मग 'सी'त. आता 'डी'त. मी म्हणलं, दवाखान्याचे वॉर्ड असत्याल. "आफ्टर डी?" मी इचारलं. साहेबानं वर बोट केलं. मधीच एक 'न्यू प्रेसिडेंट' आला होता, त्यानं बियांकाचं राहतं घरसुद्धा विकून टाकलं म्हणं. थोरल्या भावाला तिकडं प्रेसिडेंट म्हणत असत्याल, असं मी धरून चाललो. भावकी सगळीकडं सारखीच.

तर त्या दिवशी मी साहेबाला कंपनीत सोडलं आन गेटवरच्या तात्यांना सांगितलं, "तात्या, साहेबाची आई गेली." तात्या म्हंजे सिक्युरिटीचं जुनं माणूस. मी गाडी पार्क करोस्तवर तात्यांनी बातमी प्लँट मॅनेजर जगताप साहेबांच्या केबिनपातुर पोचवली. लगोलग मला बोलावणं.

"नक्की का रं?"

"व्हय साहेब. डी वॉर्डात होती. फिनिश म्हणला."

"आन तरी कामावर आला?"

"मशीनपाशी हाय, साहेब. रडतोय आन नट आवळतोय."

जगताप साहेब खिडकीकडं तोंड करून उभं राहिलं. "माझी आई गेली तवा मी ऑडिटमधी अडकलो होतो," ते म्हणलं. "मातीला पोचलो न्हाय. ह्याचं तसं व्हायला नको. परवाचं तिकीट काढतो, जाऊ दे घरी."

"आन मशीन, साहेब?"

"राहू दे अर्धी. शनवारचा माल चुकला तर वरच्यांची बोलणी मी खाईन."

मला लई भारी वाटलं. म्हणलं, आपल्यामुळं एका लेकराला आईच्या दारात जायला मिळतंय. एवढं पुण्याचं काम मी जल्मात केलं नव्हतं.

सांजच्याला परत येताना भिगवणला साहेबानं रोजच्या मासळीच्या हॉटेलाकडं बोट केलं. उजनीचा मासा त्याचा जीव की प्राण. मी गाडीच थांबवली न्हाय.

"नो फिश, सर. टेन डेज."

"व्हाय?"

"बियांका."

साहेबाचं डोळं मोठ्ठं झालं. "यू आल्सो? नो फिश? फॉर बियांका?"

आता त्याला एकट्यालाच मासा सोड म्हणून कसं सांगायचं? म्हणलं, "मी आल्सो." त्याला हॉटेलात सोडून मी घरी गेलो, बायकोकडनं पिठलं-भाकरी बांधून घेतली. सुतकाच्या घरी चूल पेटत न्हाय, शेजारपाजारचं पिठलं जातं, तशी मी ती हॉटेलच्या रूमवर नेऊन दिली. साहेबानं मला मिठीच मारली. माझा खांदा भिजला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत जगताप साहेबांनी सगळी शिफ्ट कँटीनमधी जमवली. आपल्याकडं दुखवट्याला टॉवेल-टोपी घालायची रीत हाय. तात्यांनी ती आणलीच होती. जगताप साहेबांनी पाओलो साहेबाच्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. साठ-सत्तर माणूस मान खाली घालून उभं. साहेब एकेकाकडं बघत होता आन डोळं पुसत होता. "थँक यू. ऑल ऑफ यू. फॉर बियांका," म्हणला.

हितपातुर सगळं झाक चाललं होतं.

मग जगताप साहेबांनी त्याच्या हातावर हात ठेवून सांगितलं, "तुमचं उद्याचं तिकीट झालंय. मशीनची काळजी करू नका. आईला शेवटचं भेटून या."

हे इंग्लिशमधी झालं, पण 'मदर' मला कळतं.

साहेब पांढराफटक पडला. "माय मदर? व्हॉट हॅपन्ड माय मदर?"

आन त्यानं तितंच व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ होती. स्क्रीनवर एक गुटगुटीत म्हातारी आली, अंगात एप्रन, हातात चमचा. पोराच्या डोक्यावरची टोपी बघून तिनं जे बोलायला सुरुवात केली, ते इटालियन असूनबी आमाला सगळं समजलं. अशी आई मेलेली नसती.

जगताप साहेब सावकाश माझ्याकडं वळलं. "सोपान, बियांका कोण?"

"मला काय म्हाईत साहेब, मी ड्रायव्हर."

पाओलो साहेबानं मोबाईलमधला एक फोटो उघडून दाखवला. पांढऱ्या शर्टातली अकरा माणसं, मागं गच्च भरलेलं मैदान. तात्यांनी चष्मा सावरला. "ह्यातली बियांका कंची?"

"सगळी मिळून," जगताप साहेब कपाळाला हात लावून म्हणलं. "फुटबॉलचा क्लब हाय, तात्या."

मग साहेब बोलत गेला आन जगताप साहेब मराठीत सांगत गेलं. शंभर वर्षांचा क्लब. पांढरा शर्ट म्हणून लोक लाडानं बियांका म्हणायचे, म्हंजे पांढरी. एके काळी देशात पहिला नंबर. मग नवा मालक आला, त्यानं खेळाडू विकले, शेवटी मैदान विकलं. 'ए' गटातनं 'बी' गटात, तितनं आणखी खाली, पार 'डी'पातुर. आन परवा रातच्याला कायमचं कुलूप.

कँटीनमधी कुणी हसलं न्हाय. तात्या म्हणलं, "आमच्या गावच्या तालमीगत झालं म्हणा की. जत्रंत आमचा गडी उतरला की समोरचे लंगोट सोडायचे. आता आखाड्यात कांदा साठवत्यात." साहेबाच्या टोपीकडं बघून म्हणलं, "मग टॉवेल-टोपी काय चुकली न्हाय."

पण माझं चुकलं होतं. जगताप साहेबांनी आधी तिकीट रद्द करायला सांगितलं, मग फोन माझ्याकडं रोखला. "आबांना लावतोय. उद्यापासनं दुसरा ड्रायव्हर." आबांकडनं एकदा गाडी सुटली की परत हाताला लागत न्हाय.

पाओलो साहेबाला बोलणं कळलं न्हाय, माझं तोंड कळलं. त्यानं मधी पडून जगताप साहेबांना कायतरी सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

"काय म्हणतोय?" तात्यांनी इचारलं.

"म्हणतोय, काल त्याच्या सख्ख्या भावानं बातमी दिली आन दुसऱ्या मिनिटाला रातच्याला काय जेवला ते सांगायला लागला. आन ह्या येड्यानं बियांकासाठी दहा दिवस मासा सोडला." जगताप साहेबांनी फोन खिशात टाकला. "हाच ड्रायव्हर पायजे म्हणतोय."

कुणीतरी माझ्या हातात चहा दिला, तो मी एका घोटात संपवला.

शनवारी मशीन चालली. पाकिटं भराभर पडायला लागली, जगताप साहेबांनी सही केली, पहिली गाडी गेटातनं बाहेर पडली. त्या दुपारी सुतक सोडून पाओलो साहेब, तात्या आन मी भिगवणला बसून पोट फुटंस्तवर मासं खाल्लं. इटलीला गेल्यावर साहेबाचा मेसेज आला, जगताप साहेबांनी वाचून दाखवला. गावातल्या लोकांनी मिळून क्लब परत उभा केलाय. अगदी तळातनं खेळायचं, शेतातल्या मैदानावर, पण शर्ट पांढराच. मला इतकं बरं वाटलं, की मी घरी जाऊन बायकोला पेढं दिलं. तिनं इचारलं, "कोण पास झालं?" मी म्हणलं, "बियांका."

ह्यातनं मी एवढंच शिकलो, की गेस्टचं दुःख वाटून घ्यावं, पण गावभर वाटायच्या आधी ते कशाचं हाय ते इचारून घ्यावं. आबांनी तर नियमच काढलाय. गेस्टच्या घरची बातमी सोपाननं कुणाला सांगायची न्हाय. बारशाची असली तरी.