कॅनडाहून परत आलेलं कांबळं

कॅनडाची ती बाई टोकावड्याच्या ढाब्यावर उतरली तेव्हा तिच्या हातात एक जुनं कांबळं होतं आणि तोंडात आमच्याकडचा एकच शब्द, आमच्या तालुक्याचं नाव : मुरबाड. ड्रायव्हरला तिचं इंग्रजी कळेना, म्हणून ढाबेवाल्याने मला फोन केला. पत्रकं लिहिणारी, मोर्चात पुढे चालणारी, इंग्रजी बोलणारी पोरगी म्हणून या पट्ट्यात मला ओळखतात. मला ते आवडतं, हेही सांगून टाकते.

बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले होते. १९४३चा डिसेंबर, समुद्रकाठचं ऑर्टोना नावाचं गाव. रस्त्यात पाऊल टाकलं की गोळी, म्हणून कॅनडाचे सैनिक घरांच्या भिंती फोडून एका घरातून दुसऱ्या घरात जात होते. नाताळच्या दिवशी त्यांना पाळीपाळीने मागे चर्चमध्ये बोलावून जेवू घातलं आणि परत पाठवलं. बाईंचे वडील जेवून परत गेले आणि जखमी झाले. जखमींच्या तंबूत शेजारच्या स्ट्रेचरवर एक मराठी सैनिक होता. आपल्या देशातल्या पलटणीही तिथेच, पलीकडच्या टेकड्यांवर लढत होत्या. त्या सैनिकाने स्वतःचं कांबळं बाईंच्या वडिलांच्या अंगावर घातलं, छातीवर हात ठेवून 'मुरबाड' म्हणाला, आणि सकाळी त्याला दुसरीकडे हलवलं. नाव विचारायचं राहिलंच. वडील गेल्यावर बाई ते कांबळं त्याच्या घरी पोचवायला निघाल्या होत्या.

माझं वाचन घरातल्या पत्रकांवर झालं. त्यांत महायुद्ध दोन ओळींत संपायचं : साम्राज्यांचं भांडण, गरिबांचं रक्त. मी ते ढाब्यावरच बाईंना ऐकवलं, वर विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं इंग्रजांसाठी मरायला?"

बाई म्हणाल्या, "माझ्या वडिलांकडे काम नव्हतं. तीन वेळचं जेवण आणि बूट मिळतील म्हणून ते गेले." मग फ्रान्समधल्या दिएपच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर एका सकाळीत कॅनडाची किती पोरं पडली, नॉर्मंडीत त्यांच्या वाट्याला कोणता किनारा आला, असं बरंच सांगितलं. कॅनडा मला गहू आणि व्हिसा यांच्यापलीकडे माहीत नव्हता.

त्यांना घेऊन आत्याच्या पाड्यावर गेले, तिथे म्हातारी माणसं पुष्कळ म्हणून. आत्याने पायांवर पाणी घातलं, चहा दिला. अंगणात माणसं जमली. मी विचारलं, "आपल्यातलं कोण गेलं होतं त्या लढाईला?"

कोणाला काही माहीत नव्हतं. एक म्हणाला, "कंची लढाई? चीनची?"

आमच्याकडे लांबून कोणी घर विचारत आलं, तर ते घर इथे नाही असं तोंडावर सांगत नाहीत. आधी पाणी, मग चहा, मग जेवण. नकार शेवटी, तोही वाटेला लावून देताना. आत्या त्याही पुढे गेली.

"माझा आजेसासरा व्हता लढाईत," ती म्हणाली.

"आत्या, ते रानात लाकडं जाळून कोळसा पाडायचे. कल्याणच्या छावणीला घालायचे. तूच सांगितलंयस."

"मंग? छावनी लढाईचीच व्हती ना? का लग्नाची व्हती?"

माणसं हसली. आत्या हसली नाही. "बाय समिंदर वलांडून आलीय गो. तिला नाय म्हनू? तुला जमत आसंल तर तू म्हन."

मला जमलं नाही. मी इंग्रजीत सांगितलं, हेच घर. आत्याच्या भिडेखातर, असं म्हणता येईल. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात मथळाही तयार होत होता. मुरबाडच्या पाड्यावर कॅनडाची लेक, वगैरे. खाली माझं नाव.

बाईंनी कांबळं आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याने त्यावरून हात फिरवला. बाईंनी विचारलं, "ते माझ्या वडिलांबद्दल काही बोलायचे?"

"बोलायचा तं!" आत्या म्हणाली. "म्हनायचा, गोरा पोरगा लई रडत व्हता गो. आयेला हाका मारत व्हता."

तेही मी इंग्रजीत सांगितलं.

बाई हळूच म्हणाल्या, "ते रडले होते? आम्हाला कधीच सांगितलं नाही." डोळे भरले होते, आणि चेहरा असा उजळला होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्या आपल्या बापाला नव्याने बघत होत्या. आत्याने रचलेला, मी इंग्रजीत घातलेला तो बाप त्या आता कॅनडाला घेऊन जाणार होत्या. आणि तो दुसरा माणूस, ज्याने खरंच थंडीत स्वतःचं कांबळं काढून दिलं, त्याच्या घरी काहीच पोचणार नव्हतं.

मी सांगून टाकलं. हे ते घर नाही. आत्याला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. खोटं मीही बोलले.

आत्याला इंग्रजी कळत नाही, पण बाईंचा चेहरा तिला कळला. "सांगितलंस?"

"हो."

तिने कांबळ्याची घडी सारखी केली आणि ते बाईंच्या हातात दिलं. मान वर न करता मला म्हणाली, "जेवून जा म्हनावं. त्यात काय खोटं नाय."

बाई जेवल्या. नव्या तांदळाची भाकरी, वालाची भाजी. आत्याने मलाही वाढलं, पण माझ्याकडे न बघता. खोटं सांगताना मला लाज वाटली होती, खरं सांगितल्यावर ती गेली नाही. चारचौघांत आत्याला उघडी पाडून मी सच्ची ठरले होते. बाजारात भाषण करताना हा सच्चेपणा किती स्वस्तात मिळतो!

गाडीत बसताना बाईंनी मला विचारलं, "पण ते रडले असतील, नाही का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. दिवसभरात त्यांना मी दिलेलं हे पहिलं पूर्ण खरं उत्तर होतं, आणि त्याचीही लाजच वाटली. दूर देशातल्या बाईला आपल्या बापाच्या जखमेचं गाव, महिना, जेवणाची पंगत ठाऊक होती. मला माझ्या तालुक्यातल्या त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. दोन ओळींत तो संपला होता.

उद्या तालुक्याच्या शहापूरकडच्या गावांत विचारू, एवढं ठरवून त्या गेल्या. कांबळं मागच्या सीटवर होतं.

मी अंगणात परतले तेव्हा आत्या भांडी तशीच टाकून म्हाताऱ्यांसमोर गोणपाटावर बसली होती. "आरं, खरंच कोन गेलं व्हतं रं आपल्यातलं?" ती विचारत होती. "आठवा की. कोनीतरी गेलंच आसंल."

मी तिच्या शेजारी बसायला गेले. ती सरकली नाही, म्हणून जमिनीवर बसले.