काचेवर ठेवलेलं पान

बाई दुकानात आल्या की आधी बोलायच्या नाहीत. पिशवीतून स्टीलचा डबा काढायच्या, डब्यातून ओला रुमाल आणि रुमालातून एक पान. ते पान काउंटरच्या काचेवर, मी दिलेल्या फोटोशेजारी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता बोल."

मी काय बोलणार? पान हिरवंगार असायचं आणि फोटो तांबूस.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला त्या आवडायच्या नाहीत. माणूस गेला की त्याच्याबद्दल सगळे गोड लिहितात. मला ते जमणार नाही. त्यांनाही मी आवडायचो नाही आणि ते त्या लपवायच्या नाहीत. मी लपवायचो, एवढाच फरक.

नव्वदच्या दशकात मंचरला माझा फोटो स्टुडिओ होता, अजूनही आहे. राहायला अवसरी बुद्रुकला. लग्नं, बारशी, पासपोर्ट फोटो, कुणाच्या बैलजोडीचा फोटो, असं चालायचं. रंगीत रोल धुवायला पुण्याच्या लॅबला जायचे. बाई जवळच्याच एका शाळेत शिकवायच्या. मूळच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या, आहुप्याच्या बाजूच्या. पावसाळ्यात सुट्टी मिळाली की एसटीने वर जायच्या, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत. सोमवारी रोल माझ्याकडे. अख्ख्या रोलमध्ये एक माणूस नाही. नुसती झाडं, शेवाळ, धुकं, पुन्हा झाडं.

"बाई, रानात कुणी भेटलं न्हाई का?" दुकानात बसलेलं कुणीतरी विचारायचंच.

"भेटले ना. तुझ्यापेक्षा शहाणे होते, म्हणून फोटोत आले नाहीत."

असा सगळा कारभार. तुमच्याही गावात अशी एखादी बाई असेल, जिला नमस्कार घालायला लोक पुढे येतात आणि बोलायची वेळ आली की मागे सरकतात.

आता त्या तांबूस रंगाचं. लॅबमधलं मशीन मूर्ख नसतं, पण संशयी असतं. फोटोभर एकच रंग दिसला की त्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय, आणि ते उलट बाजूचा रंग मारून फोटो 'सुधारतं'. लग्नात ते खपून जातं. तिथे शालू असतो, मांडव असतो, माणसांची तोंडं असतात. पण चारी कोपऱ्यांत नुसती पानं असली की मशीन त्यातलं हिरवं काढून टाकतं. भर श्रावणातलं रान होळीच्या सुमाराचं दिसायला लागतं. यावर उपाय एकच, लॅबवाल्याला सांगायचं, मशीनवर सोडू नका, हाताने रंग लावा.

हे मला बाईंमुळे कळलं. मी चिठ्ठी लिहायचो, लॅबवाला कंटाळायचा, फोटो परत यायचा, बाई पान ठेवायच्या. कधी तो निळा आलेला असायचा, कधी पोपटी.

"हे तर पेरूचं झाड वाटतंय," त्या म्हणायच्या.

"अहो बाई, तुमचं पान इथं ट्यूबलाइटखाली आहे. फोटोतलं धुक्यात आहे. जुळणार कसं?"

"मग एकदा वर ये. बघितल्याशिवाय तुला कळायचं नाही."

मी कधी गेलो नाही. खरं तर माझा मुद्दा बरोबर होता आणि त्यांनाही तो पटला असावा, कारण पुढे त्या पान फोटोला चिकटवून न धरता दोन बोटं लांब ठेवायला लागल्या. कबूल मात्र केलं नाही.

पाच-सहा वेळा लॅबला परत पाठवून एकदाचा एक फोटो जुळला. आहुप्याकडच्या एका उतरणीचा होता. पोस्टकार्डाएवढा. बाईंनी पान ठेवलं, बराच वेळ पाहिलं, पान उचललं आणि "हं" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून मला मिळालेलं एवढंच बक्षीस. तो फोटो नमुना म्हणून माझ्याकडे ठेवायचा ठरलं. पुढे मोठा करायचा झाला की लॅबच्या पाकिटाला टाचायचा, 'असाच रंग हवा.'

मोठा करायचं त्यांच्या डोक्यात होतं. निवृत्त होताना तो शाळेला द्यायचा आणि सभागृहाच्या भिंतीवर लावायचा. शाळेच्या वसतिगृहात वरच्या गावांतली मुलं असत. खालची मुलं त्यांना 'डोंगरी' म्हणत. बाई त्याच शाळेत शिकल्या होत्या आणि त्यांनीही ते ऐकलं होतं. एकदाच मला म्हणाल्या, नेहमीची शाळेतली भाषा सोडून, "आमाला लई हिणवायचे रे. आमचं रान कसं व्हतं, ते यांना काय म्हाईत? एकदा मान वर करून बघू देत." मी बिल करत होतो. वर पाहिलं नाही.

भांडण कशावरून झालं ते सांगतो. माझ्या स्टुडिओत मागे एक पडदा होता, परदेशातल्या लाल-पिवळ्या झाडांचा आणि तळ्याचा. तेव्हा घरोघरी असली सिनरी असायची. नवी जोडपी त्यापुढे उभी राहायची. एक दिवस लग्न ठरलेलं एक जोडपं उभं होतं, दोन्हीकडची माणसं बाकावर होती, आणि बाई आल्या.

"काय रे, कुठं उभी केलीस पोरीला? तिच्या बापाने तरी असलं झाड पाहिलंय का?"

"बाई, तुमच्या रानापुढे उभी केली तर नवरी दिसायचीच नाही," मी म्हणालो.

बाकावरचे हसले. मला तेवढं पुरे होतं. बाईंना पुरलं नाही. त्या मुलीच्या वडिलांकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "फोटो घ्या, पण रंगाची आशा ठेवू नका. याच्या डोळ्यांत रंगच नाही. पोरगी गोरी आहे का हळद लावलीय, तेही याला कळायचं नाही."

आता सगळे मोठ्याने हसले. मुलीचा मामा म्हणाला, "मग राव, लग्नाला दुसरा बघतो आमी." चेष्टेने म्हणाला. पण लग्नाला दुसराच फोटोग्राफर आला.

त्यानंतर काही महिन्यांनी बाईंनी मोठ्या फोटोसाठी निगेटिव्ह आणून दिली. "नमुना टाचायला विसरू नकोस."

मी विसरलो नाही. पाकिटाला टाचला होता. पाकीट बंद करताना टाचणी काढली आणि नमुना खणात टाकला. चिठ्ठीही लिहिली नाही. बस, एवढंच केलं. हाताला किती हलकं काम.

मोठा फोटो आला तेव्हा उघडून पाहिला. मशीनने त्याचं काम चोख केलं होतं. उतरण तांबूस, शेवाळ मातकट, धुक्याला गुलाबी झाक. निरोप समारंभाला अजून वेळ होता. परत पाठवता आला असता. मी फ्रेम करून घेतली.

बाई न्यायला आल्या. मी कागद सोडला. त्या पाहत राहिल्या. डबा काढला, पान काढलं, ठेवलं. मी "आता बोल"ची वाट पाहत होतो, भांडायला तयार होतो. पण त्यांनी चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, "मला हे तांबूस दिसतंय. तुला?"

त्या कधी विचारत नसत, सांगत असत. थोड्या दिवसांपूर्वी ओतूरच्या नेत्रशिबिरात त्यांना मोतीबिंदू सांगितला होता, आणि त्याने रंग बदललेले दिसतात, असंही. हे मला ठाऊक होतं, त्यांनीच बोलता बोलता सांगितलं होतं.

"नाही बाई," मी म्हणालो. "रंग बरोबर आहे. नमुन्यासारखाच. तुम्ही डोळे दाखवून घ्या."

पासपोर्ट फोटोसाठी निमगाव साव्याचा एक शेतकरी बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला कसं वाटतं?"

"झ्याक हाय की बाई. लई मोठा झालाय."

"रंग?"

"रंगाला काय झालं? चांगलाच हाय."

बिचारा भिडेखातर बोलला. आपण सगळेच असं बोलतो, पाहुण्याच्या घरचा चहा बिघडला तरी. बाईंनी पान पुन्हा रुमालात गुंडाळून डब्यात ठेवलं. एरवी ते माझ्या काचेवर टाकून जायच्या, मी केर काढत बसायचो.

"म्हणजे माझेच डोळे," त्या म्हणाल्या.

फोटो शाळेत लागला. खाली पाटी, बाईंच्या नावाची. त्यानंतर त्यांनी एकही रोल आणला नाही. कॅमेरा भाच्याला देऊन टाकल्याचं कळलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? दुकान शांत झालं, काच स्वच्छ राहायला लागली. वाईट वाटायला बराच वेळ लागला, आणि तेही एकदम नाही.

पुढे त्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एका दुपारी त्या दुकानात आल्या, काळा चष्मा लावून. मी उठून खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. डबा काढला, रुमाल काढला, पान काचेवर ठेवलं. शेजारी फोटो नव्हता. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"आता मला नीट दिसतं," त्या म्हणाल्या.

शाळेत जाऊन आल्या होत्या, हे सांगायची गरज नव्हती. मला तोंड उघडता आलं असतं, तेवढा वेळ त्या थांबल्या. त्या पायऱ्या उतरून स्टँडकडे गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

त्या वर गावी राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. भाचा फोटो करायला आला. भिंतीला लावायला बाईंचा एकही धड फोटो नव्हता, कायम कॅमेऱ्यामागे. ओळखपत्रावरचा मोठा करून दिला. तोवर कॉम्प्युटर आला होता, रंग माझ्या हातात होता. बाईंच्या चेहऱ्याचा रंग मात्र मी नीट जुळवला.

मग खणातला नमुना काढला. निगेटिव्ह भाच्याकडून मागून आणली, रंग लावला, नमुना शेजारी ठेवून पुन्हा लावला. मोठा फोटो केला आणि शाळेत घेऊन गेलो.

मुख्याध्यापक नवे होते. "बाईंनी स्वतः दिलेला फोटो आहे," ते म्हणाले. "आम्ही कसा बदलणार?"

"तो चुकीचा आहे."

"असू द्या हो. आठवण आहे त्यांची."

चुकला कुणामुळे, हे मी तिथेही सांगितलं नाही. बाहेर व्हरांड्यात शिपाई उभा होता, वरचाच, आहुप्याकडचा. त्याने माझा फोटो वाकून पाहिला. "ही तर आमची उतरण. हितनं गुरं न्यायचो आमी."

"आणि आतला फोटो?"

तो ओशाळला. "फोटो लावला तवा बाई म्हणाल्या, तुमचंच रान हाय. आमी हो म्हणालो. पण आमचं रान तसं न्हाई. पोरं इचारत्यात, हे कुठलं? आमाला काय सांगता येत न्हाई."

"मग हा तुम्ही ठेवा."

"मला कशाला भाऊ? माझ्या दारातच हाय की. ते पोरांसाठी व्हतं."

मी फोटो परत आणला. लाल-पिवळ्या झाडांचा पडदा काढला आणि त्या जागी हा लावला. गिऱ्हाइकं विचारतात, "कुठलं हे? केरळ?" मी आहुपे सांगतो. "रंग वाढवलाय ना पण, राव?" असं विचारून हसतात. नाही म्हणतो. हल्ली कुणी थांबलं, तर पुढचंही सांगतो.

शाळेत तो दुसरा अजून आहे. खाली बाईंचं नाव आहे.